पिल्लू गेल्यावरही घरट्याकडे बघत राहायचं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मग लिहायला बसलो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही लिहिलंय की मार्च २०२५ मध्ये तुम्ही आणि तुमची नऊ वर्षांची लेक रोज सकाळी कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरच्या बाल्ड ईगलचा, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडाचा, लाइव्ह कॅम बघत होतात. जॅकी आणि शॅडो ही जोडी, तीन पिल्लं, आणि बर्फाच्या वादळानंतर बघता तर दोनच. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. तिचे प्रश्न तीन: आईने त्याला वाचवलं का नाही, कॅमेऱ्यावाली माणसं वर का नाही गेली, आणि बाकीच्या दोघांना कळलं का. आणि तुमचा स्वतःचा एक, की आता परत सीझन येतोय तर तिला बघू द्यायचं की नको.

मी मूळचा गुहागरकडचा. गेली बारा-तेरा वर्षं फ्लोरिडात फोर्ट मायर्सच्या आसपास राहतो आणि ऑडुबॉन या पक्षी-संस्थेच्या ईगलवॉच उपक्रमासाठी घरट्यांवर देखरेख करतो, म्हणजे ऑक्टोबरपासून मेपर्यंत ठरलेल्या घरट्यांपाशी जायचं, लांबून दुर्बिणीने बघायचं, अंडी बसवली का, पिल्लं किती, उडाली किती, ते नोंदवायचं. पगार नाही, नुसती आवड. लहानपणी आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी सुरूच्या झाडावर समुद्री गरुडाचं घरटं होतं, पांढऱ्या पोटाचा तो, कोकणात काही ठिकाणी काकण म्हणतात त्याला. बाल्ड ईगल हा त्याचाच सख्खा चुलत भाऊ, एकाच गोतातले दोघे, दोघंही मुळात मासेखाऊ, दोघंही दरवर्षी त्याच घरट्यावर नव्या काटक्या रचणारे. इथे पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो परका वाटलाच नाही.

आधी लेकीच्या प्रश्नांची उत्तरं देतो.

आईने वाचवलं का नाही. ताई, तिला सांगा की आईने वाचवायचं जेवढं होतं तेवढं सगळं केलं, आणि हे मी तिची समजूत काढायला नाही म्हणत आहे. ती पिल्लं ३, ४ आणि ८ मार्चला फुटली, म्हणजे १३ तारखेचं वादळ आलं तेव्हा मोठं दहा दिवसांचं आणि धाकटं फक्त पाच दिवसांचं. या वयात अंगावर नुसती पातळ लव असते, तिने ऊब धरली जात नाही आणि ती भिजली तर संपलंच. स्वतःच्या अंगाची ऊब पिल्लू साधारण दोन-तीन आठवड्यांनी, दुसरी जाड करडी लव आली की धरायला लागतं. तोपर्यंत आईचं पोट हेच त्याचं घर. आता एका पोटाखाली तीन पिल्लं, बाहेर वारा आणि बर्फ, घरटं जेफ्री पाईनच्या शेंड्याकडे जवळजवळ १४५ फुटांवर, आणि ते गावच मुळात साडेसहा हजार फुटांच्या वर. जॅकी त्यांच्यावर बसून होती. ती कशी बसते ते २०२४ मध्ये सगळ्यांनी बघितलंय, तेव्हा वादळात अंड्यांवर सलग जवळजवळ ६२ तास बसली होती, पाठीवर बर्फाचा थर, फक्त डोकं बाहेर, आणि त्यातलं एकही अंडं फुटलं नाही. तरी पुढच्या जानेवारीत परत तीन घातली. त्यामुळे "आईने लक्ष दिलं नाही" हे वाक्य या पक्षिणीबद्दल तरी घरात कोणाला बोलू देऊ नका.

आणि याच घरट्यातली उलटी गोष्टही सांगा, म्हणजे तिला कळेल. २०१९ मध्ये याच जोडीची दोन पिल्लं होती, सिंबा आणि कुकी. मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे आपल्याला वाटतं थंडी संपली, तेव्हा गार पावसाचं आणि बर्फाचं वादळ आलं आणि सहा आठवड्यांची कुकी गारठून गेली. सहा आठवडे म्हणजे मोठं पिल्लू, ऊब धरणारं. पण तेच आड आलं, ते इतकं मोठं झालेलं की आईच्या पोटाखाली मावेना, आणि खरी पिसं अजून पुरती आलेली नाहीत, त्यामुळे पाणी आत शिरतं. काही दिवसांचं पिल्लू लहान म्हणून जातं आणि सहा आठवड्यांचं मोठं म्हणून जातं. आई तीच, वादळात बसलेलीच. मला स्वतःला हे नीट कळायला दोन सीझन लागले, की पिल्लाच्या वाढीत असे एक-दोन अरुंद पूल असतात आणि वादळ नेमकं त्या पुलावर गाठलं तर कोणाचंच काही चालत नाही.

आता माणसं वर का नाही गेली. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि रागाने विचारला जातो. पहिलं म्हणजे कायदा, १९४० पासून या पक्ष्याला वेगळ्या कायद्याचं संरक्षण आहे, परवान्याशिवाय घरट्याला हात लावता येत नाही, खाली पडलेलं पीससुद्धा घरी नेता येत नाही. पण नुसता कायदा सांगून पोरीचं समाधान होणार नाही, आणि ते होऊही नये. खरं कारण असं की वादळात रात्री १४५ फूट झाडावर माणूस चढवला तर आधी आई उडते, ती उडाली की तिच्या पोटाखालची ऊब जाते, आणि एका पिल्लासाठी गेलेला माणूस उरलेल्या दोघांना मारून येतो. पिल्लं मोठी असली तर वेगळाच धोका, माणूस बघून घाबरून ती घरट्याबाहेर उडी टाकतात, पंख तयार नसताना.

मग कधीच जात नाहीत का? जातात. साधारण नियम असा की माणसाने केलेली इजा असेल तर माणसाने निस्तरायची. आमच्या इथल्या नॉर्थ फोर्ट मायर्सच्या कॅमवाल्या घरट्यात २०१६ मध्ये एका पिल्लाच्या पायाला मासेमारीचा तंगूस गुंडाळला गेला, बहुतेक आईबापांनी आणलेल्या माशाबरोबर आला असणार, तेव्हा सॅनिबलच्या वन्यजीव दवाखान्याच्या लोकांनी पिल्लू खाली आणून, पाय सोडवून परत घरट्यात ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्याच दोन पिल्लांचे डोळे इतके आले की पापण्या चिकटून गेल्या, तेव्हाही परवानगी काढून खाली आणली, औषधं केली, आणि काही दिवसांनी परत वर ठेवली, आईबापांनी स्वीकारली. म्हणजे करता येतं तेव्हा करतात. पण २०१४ ची मिनेसोटाची गोष्टही आहे. तिथल्या सरकारी कॅमवर एक पिल्लू पंख धरून पडलेलं दिसलं, लोकांनी फोन करकरून खात्याला भंडावून सोडलं, शेवटी खात्याने आपला नियम बाजूला ठेवून पिल्लू उतरवलं, तपासलं तर पंख वाईट मोडलेला आणि त्यात इन्फेक्शन, आणि त्याला दयामरण द्यावं लागलं. लोकांची माया खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. पण स्क्रीनवरून दिसतं तेवढ्यावर निदान होत नाही हे त्या दिवशी बऱ्याच जणांना कळलं.

माझ्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका दुपारी घाबरून फोन केला होता. एक पिल्लू घरट्यात पंख पसरून, मान टाकून, पोटावर सपाट पडलेलं. दुर्बिणीतून वीस मिनिटं बघितलं, हालचाल नाही. पलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ऊन किती आहे? मग म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांब. साडेपाचला सावली आली, पिल्लू उठलं, पाठ घरट्याच्या काठाकडे केली, शेपटी वर उचलून लांबलचक पांढरी पिचकारी बाहेर मारली आणि भावाच्या अंगावर जाऊन बसलं. उकाड्यात पिल्लं अशीच पसरतात. ती पिचकारी सोपी आणि चांगली खूण आहे, तुमच्या लेकीला शिकवा. पांढरी आणि जोरात गेली म्हणजे पोटात अन्नपाणी जातंय. दुसरी खूण गळ्याखालची पिशवी, खाल्लं की छातीच्या वर लिंबाएवढा, मोठ्या पिल्लाला तर चांगला मोसंब्याएवढा फुगवटा दिसतो. पिल्लू किती रडतंय, भाऊ किती मारतोय यावरून काही ठरवायचं नाही, फुगवटा बघायचा. दिवसातून एकदा जरी तो भरलेला दिसला तर पिल्लू जगतंय.

आता तिचा तिसरा प्रश्न, बाकीच्यांना कळलं का. पक्ष्याच्या मनात शिरून मी बोलणार नाही, मी काय काय बघितलंय ते सांगतो, आणि त्यासाठी मला नॉर्थ फोर्ट मायर्सच्या त्या घरट्याची गोष्ट पूर्ण सांगावी लागेल कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे.

घरटं एका स्लॅश पाईनवर, खाली घोड्यांचं कुरण, बाजूने गाड्यांचा रस्ता. कॅमेरा २०१२ पासून. तेव्हा तिथे मादी होती हॅरिएट आणि नर ओझी, जुनी जोडी. मार्च २०१५ मध्ये ओझी जखमी सापडला, गळपट्टीचं हाड मोडलेलं. दवाखान्यात नेलं, तीन महिने उपचार, जूनमध्ये सोडला, लोक रडले आनंदाने. पण ईगलच्या जगात जागा मोकळी राहत नाही. तो दवाखान्यात असताना हॅरिएटकडे एक नवा नर आला होता, त्याला कॅमवाल्यांनी एम१५ असं कोरडं नाव दिलेलं, एम म्हणजे मेल आणि १५ म्हणजे २०१५. सप्टेंबरमध्ये ओझी परत आपल्या जागी आला, दोघांची झुंज झाली, ओझी परत दवाखान्यात आणि २९ सप्टेंबरला गेला. तेव्हाचे दिवस मला स्वच्छ आठवतात. इथल्या किराणा दुकानातसुद्धा लोक तेच बोलत होते. कित्येकांच्या तोंडी एम१५ म्हणजे खुनी, घरभेद्या. हॅरिएटला पण नावं ठेवली, नवरा मरतोय आणि ही याच्याबरोबर काटक्या रचते. काही जणांनी बघणंच सोडलं.

ज्यांनी सोडलं नाही त्यांनी पुढची सात वर्षं बघितलं. एम१५ बोय आणतो, शिंगाळा आणतो, मासा नाही मिळाला तर गायबगळा आणतो. रात्री ग्रेट हॉर्न्ड आऊल, आपल्या शिंगळा घुबडाच्या गोतातलं मोठं घुबड, आवाज न करता येऊन त्याला फांदीवरून अक्षरशः ढकलून देतं, इन्फ्रारेड कॅमवर दिसतं, फांदीवर ईगल बसलेला आणि पुढच्या फ्रेममध्ये फांदी रिकामी. आणि पहाटे हा परत त्याच फांदीवर. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन चक्रीवादळ आलं. आमच्या घराचे पत्रे गेले, आठवडाभर लाईट नव्हती, आणि ते घरटं तर पार नाहीसं झालं, झाड उरलं. लाईट आल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर तिकडे गेलो. दोघं आलेले होते. एक लांबडी काटकी, तिच्या स्वतःच्या पंखाएवढी असेल, हॅरिएट चोचीत आडवी धरून फांदीच्या बेचक्यात बसवायचा प्रयत्न करत होती, एक टोक अडकलं की दुसरं सुटायचं, काटकी खाली पडली, ती गेली, दुसरी घेऊन आली. मी तासभर उभा होतो. तेवढ्या वेळात तीन काटक्या बसल्या असतील. नोव्हेंबरच्या शेवटी त्या नव्या घरट्यात पहिलं अंडं होतं. जानेवारी २०२३ मध्ये दोन पिल्लं, ई२१ आणि ई२२.

आणि २ फेब्रुवारीला हॅरिएट उडून गेली ती परत आलीच नाही. शोधलं, आजूबाजूची झाडं, तळी, रस्त्याच्या कडा, काही नाही. पीससुद्धा नाही. काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता बघा, पिल्लं तेव्हा साधारण चार आठवड्यांची. मी वर म्हटलं ना अरुंद पूल, ती पहिला पूल ओलांडून गेलेली होती, ऊब धरत होती. हेच दोन आठवडे आधी झालं असतं तर एकटा नर शिकारीला गेल्यावर पिल्लं पहाटेच्या थंडीत गेली असती. पण पोट भरायचं होतंच, आणि या वयात भूक सगळ्यात जास्त. बाल्ड ईगलमध्ये नर मादीपेक्षा लहान असतो, आणि पिल्लं लहान असताना कामाची वाटणी बरीचशी अशी, की नर आणून टाकतो, मादी राखते आणि भरवते. एम१५ ने दोन्ही केलं. मासा घेऊन उतरायचा, पायाखाली दाबायचा, चोचीने बारीक तुकडा काढायचा, मान वाकडी करून पिल्लाच्या चोचीपाशी धरायचा. तुकडा मोठा असला तर परत मागे घेऊन लहान करायचा. पिल्लांची पोटं भरेपर्यंत स्वतः जवळजवळ खायचा नाही, उरलंसुरलं खायचा. हे एकदा नाही, दिवसातून चार-पाच वेळा, आणि मधे घुसखोर हाकलायचे, कारण मादी गेल्याचं आजूबाजूच्या माद्यांना लगेच कळतं आणि त्या यायला लागतात, आणि परक्या मादीला या पिल्लांशी काही देणंघेणं नसतं.

त्या महिन्यात जगभरची माणसं त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. तोच एम१५. ज्याला आठ वर्षांपूर्वी खुनी म्हटलेलं. तो बदलला नव्हता ताई, आपण बघायला लागलो होतो. आणि तुमच्या शॅडोचंही तसंच आहे. सगळ्यांचा लाडका शॅडो २०१८ मध्ये तिथे आला तो जॅकीच्या आधीच्या जोडीदाराला हुसकावूनच आला, लेकीला आत्ता नका सांगू, दोन वर्षांनी सांगा.

ई२२ धाकटं, आणि मोठं त्याला फार मारायचं. आई गेल्यावर अन्न थोडं कमी पडलं की मार वाढायचा. लोक म्हणायचे, काढा त्याला तिथून, वाचवा. मी पण घरी बसून तळमळत होतो, खोटं कशाला सांगू. पण मी रोज रात्री वहीत लिहायचो, आज धाकट्याचा गळा भरला का. जवळजवळ रोज उत्तर हो यायचं. ते पिल्लू मार खाऊन शिकलं होतं, मोठं खात असताना डोकं खाली घालून कडेला पडून राहायचं, त्याचा गळा भरला आणि ते सुस्त झालं की बापाच्या दुसऱ्या बाजूने घुसायचं, तुकडा हिसकायचं आणि पाठ करून गिळायचं. आमच्या दुर्बिणवाल्या मंडळीत याला झपाटा मारणं म्हणतो आम्ही. वसंतात दोन्ही पिल्लं उडाली. दोन्ही. एकट्या बापाने वाढवलेली. आणि त्याच वर्षी पुढे त्या जागी नवी मादी आली, एफ२३, जोडी जमली.

याच्या आधी २०१८ मध्ये आयोवातल्या डेकोराला उलट झालं होतं, तिथला प्रसिद्ध नर एप्रिलच्या थंडीत नाहीसा झाला आणि मादीने एकटीने पिल्लं वाढवली. म्हणजे हे होऊ शकतं. पण प्रत्येक वेळी होईल असं नाही, आणि लेकीला तसं वचन देऊ नका. २ एप्रिल २०२३ ला मिनेसोटाचं ते सरकारी कॅमवालं घरटंच वसंतातल्या जड ओल्या बर्फाच्या ओझ्याने फांदीसकट खाली कोसळलं, वीस वर्षं रचलेलं, एक टनाच्या आसपास वजन, आत नुकतं फुटलेलं पिल्लू. तिथे बापाची किंवा आईची काही हुशारी कामाची नव्हती. आणि जी उडतात ती सुद्धा सगळी टिकत नाहीत. डेकोराच्या २०१२ च्या पिल्लांपैकी दोन विजेच्या खांबावर शॉक लागून गेली. डोकं पांढरं व्हायला पाच वर्षं लागतात आणि बरीच पिल्लं तिथवर पोचतच नाहीत. शिकाऱ्यांनी टाकलेल्या मांसातली शिशाच्या गोळ्यांची भुकटी हे एक मोठं कारण, २०२२ मध्ये ३८ राज्यांतले बाराशेवर ईगल तपासले तर जवळपास निम्म्यांच्या हाडात जुनं शिसं निघालं. याबद्दल मला खरंच राग येतो, कारण वादळाला इलाज नाही, शिशाच्या गोळीला आहे, तांब्याची गोळी मिळते.

तरीसुद्धा एकूण पक्षी वाढलेत, फार वाढलेत. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की बसल्यावर फुटायची, १९६३ मध्ये अलास्का सोडून सगळ्या अमेरिकेत ४१७ जोड्या उरल्या. १९७२ ला डीडीटीवर बंदी आली, २००७ ला हा पक्षी धोक्यातल्यांच्या यादीतून निघाला, आणि २०१९ च्या मोजणीत तेवढ्याच भागात ७१ हजारांच्या वर जोड्या निघाल्या. मी हा आकडा इथल्या शाळांत सांगतो तेव्हा पोरं टाळ्या वाजवतात. पण तुमच्या लेकीला हा आकडा सांगून काही उपयोग नाही, तिला ते एक पिल्लू हवं होतं, आणि तिचं बरोबर आहे. ७१ हजार जोड्या असल्या तरी त्या घरट्यात तीन होती आणि दोन राहिली. तिला रडू द्या.

तर, बाकीच्यांना कळलं का. मी जे बघितलंय ते असं की पुढचा मासा आला तेव्हा उरलेल्यांनी चोच उघडली. प्रत्येक वेळी, प्रत्येक घरट्यात. माझ्या एका घरट्यात, ज्याच्यावर कॅम नाही, एका दवाखान्याच्या पार्किंगमागे आहे, तिथे एका सकाळी एक पिल्लू मेलेलं होतं आणि आईने मेलेल्याच्याही चोचीपाशी एकदा तुकडा धरला. थांबली. घेतला नाही कोणी तेव्हा तो तिने जिवंत पिल्लाला दिला. पुढच्या खेपेला धरला नाही. मी ते चार ओळींत वहीत लिहिलं आणि गाडीत जाऊन बसलो बराच वेळ. यापलीकडे मला काही सांगता येणार नाही.

आता तुमचा प्रश्न. माझं स्पष्ट मत, बघू द्या. पण गेल्या वर्षीसारखं नाही.

एक तर नुसता कॅम लावून ठेवायचा नाही, वही द्या तिला. तारीख, तिकडची वेळ, अंड्यावर किंवा पिल्लांवर कोण बसलंय, मासा आला का, कोणाचा गळा भरला. बास. नऊ वर्षांच्या मुलीला हे मस्त जमतं, आणि वहीत लिहिणारी पोरं घाबरत कमी, कारण त्यांच्याकडे कालचं पान असतं. दुसरं, कॅमच्या खाली वाहणाऱ्या लोकांच्या कमेंट बंद करून ठेवा, तिथे वादळात जे लिहिलं जातं ते मोठ्या माणसालाही झोपू देत नाही. वादळ येणार असेल तर तिकडचा हवामानाचा अंदाज आदल्या दिवशी तुम्ही बघा आणि तिला आधीच सांगा की उद्या गार पडणार आहे, पिल्लं लहान आहेत, काहीही होऊ शकतं, बघायचं का ते तू ठरव. मुलांना वाईट बातमीपेक्षा अचानक आलेली वाईट बातमी जास्त लागते असा माझा अनुभव आहे. आणि मेलं तर मेलं म्हणा. "उडून गेलं", "देवाघरी खेळतंय" असं काही नको, कारण ती ते पिल्लू घरट्यात पडलेलं बघणार आहे, कधी कधी आईबाप ते तिथेच काटक्या-गवतात दाबतात, आणि मग ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

अंडी फुटली नाहीत तरी बघायचं सोडू नका हेही तिला आधी सांगून ठेवा. याच जोडीची २०२१ ची पहिली अंडी रेव्हननी, म्हणजे आपल्या डोमकावळ्याच्या दांडग्या भाऊबंदांनी खाल्ली. २०२३ ची फुटलीच नाहीत. २०२४ ची तिन्ही फुटली नाहीत. मधे २०२२ मध्ये एकच पिल्लू आलं, स्पिरिट, ते उडालं. आणि २०२५ मध्ये वादळात गेलेल्या पिल्लाला नंतर मिस्टी नाव दिलं, उरलेल्या दोघांना बिग बेअरच्या शाळेतल्या मुलांनी मतं देऊन सनी आणि गिझमो नावं दिली, आणि जूनमध्ये दोघंही उडाली. तुम्ही मार्चमध्ये कॅम बंद केलात म्हणून हे तुमच्या लेकीने बघितलंच नाही. तिने फक्त अर्धं बघितलंय, आणि ते अर्धं नेमकं वाईट अर्धं.

सनी पहिल्यांदा उडाली त्याच्या आधीचे तिचे दिवस रेकॉर्डिंगमध्ये सापडतील, ते दाखवा आधी. घरट्याच्या काठावर उभं राहून पंख उघडून वाऱ्यावर धरायचे, पाय जरा सुटले की घाबरून परत मिटायचे, असं दिवस दिवस.

आणि वेळ सांगतो. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे. पुण्यात सकाळी साडेसहा म्हणजे बिग बेअरला आदल्या दिवशीचे संध्याकाळचे पाच, सूर्य डोंगराआड गेलेला, तळ्यावर अजून जरा उजेड. जानेवारीत अंडी असली तर नेमकी त्याच सुमाराला पाळी बदलते, कारण रात्रीचं बहुतेक जॅकीच बसते. शॅडो अंड्यांवर असतो, ती येऊन काठावर उभी राहते, तो उठत नाही. ती पुढे येते, तो तसाच, मान दुसरीकडे. मग ती सरळ त्याच्या अंगाला अंग लावून रेटते, तेव्हा कुठे तो एक एक पाऊल अंड्यांवरून जपून काढून उठतो. शाळेची रिक्षा यायच्या आत हे एवढं तरी तिला बघायला मिळेल.